आजीचं शास्त्र

गेल्या नाताळच्या सुट्टीत बुलढाण्याला जाणं झालं. आजीला जाऊन दहा वर्षं झाली, म्हणून घरीच छोटी उपासना ठेवायची असं काकांनी ठरवलं होतं. मोठे काका-काकू, आत्या, चुलत भावंडं, त्यांची पोरं असे सगळे जमलो. जेवणाचा बेत पाच मिनिटांत ठरला. पाळकसाहेबांना निरोप गेला. गाणी कुठली म्हणायची तेही ठरलं. आणि मग एका अगदी साध्या गोष्टीवर गाडी अडली ती दीड तास अडलीच. वाचन कुठल्या बायबलमधून करायचं?

मोठ्या काकांचं म्हणणं, घरातल्या जुन्या पवित्र शास्त्रातून. आजीने आयुष्यभर जे वाचलं त्यातूनच. चुलत भावाचं म्हणणं, पोरांना त्यातलं अर्धं कळत नाही, मोबाईलवर सोप्या मराठीतलं आहे ते वाचू. काका भडकले. "शास्त्र आहे ते. त्यातला काना-मात्रा बदलायचा अधिकार कोनाले दिला?" भाऊही काही कमी नाही. म्हणाला, "काका, तुमचं शास्त्र तरी आकाशातून मराठीत पडलं का?" आत्याने मध्ये पडून चहा केला म्हणून निभावलं.

मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर कुणाची बाजू घ्यावी हेच कळेना. लहानपणापासून कानात बसलेली ती जुनी, लांबलचक, वळणावळणाची वाक्यं माझ्याही आवडीची. पण समोर माझीच भाची कंटाळून फरशीवर बोटाने रेघोट्या ओढत होती, ते पण दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतला एक जुना मित्र भेटायला आला. चिखलीकडे शिक्षक आहे. बौद्ध आहे, वाचणारा आहे आणि आडपडदा न ठेवता बोलणारा आहे. कालचं भांडण मी त्याला हसत हसत सांगितलं. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "मले एक सांग. आमच्या बाबासाहेबानं शास्त्राचा अधिकारच नाकारला. तुमच्या लोकायनं एका शास्त्रातून सुटून दुसरं शास्त्र डोक्यावर घेतलं. मग सुटलं काय?"

हा प्रश्न मला लागला. कारण त्याचे पणजोबा आणि माझे पणजोबा गावकुसाबाहेरच्या एकाच वस्तीतले. दोघांनाही एकाच देवळाच्या पायरीवर मज्जाव होता. त्यांच्यातला एक मिशनच्या शाळेत गेला, दुसऱ्याचा नातू १९५६ साली नागपूरला दीक्षाभूमीवर गेला. आज आम्ही दोघं एका सोफ्यावर बसून चहा पितो. तेव्हा हा प्रश्न विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

पुण्याला परतल्यावर बरेच दिवस मी हे डोक्यात घोळवत होते. थोडं वाचलं, थोडं आठवलं. ते इथे मांडते आहे. घरच्यांनी वाचावं म्हणून, आणि त्याने वाचावं म्हणूनही.

आधी शब्दाकडे बघू. मराठी ख्रिस्ती माणूस बायबलला 'पवित्र शास्त्र' म्हणतो. घरात तर नुसतं 'शास्त्र'. "शास्त्र आण गं." हा शब्द काही हिब्रूतून किंवा ग्रीकमधून आलेला नाही, तो इथला. ज्यावर पुढे वाद घालायचा नाही, असा अधिकार त्यात आहे. 'शास्त्राधार काय?' असं विचारलं की पूर्वी भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. आणि तो आधार वाचायची परवानगी होती फार थोड्यांना. बायबलला हे नाव मिळालं तेव्हा त्याच्याबरोबर हा सगळा दराराही आला. मित्राच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे.

पण आमच्या जिल्ह्याच्या मातीत या प्रश्नाची एक फार जुनी बाजू आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी या भागात हिंडले. लोणार, मेहकर ही गावं लीळाचरित्रात येतात. चक्रधरांनी मराठीत सांगितलं, बायकांना सांगितलं, खालच्या मानल्या गेलेल्या जातींना सांगितलं. त्यांच्यानंतर म्हाइंभटाने ज्यांनी ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना विचारून विचारून त्यांच्या आठवणी जमवल्या आणि लीळाचरित्र तयार झालं. पुढे शिष्यांमधल्या एका संस्कृत पंडिताला वाटलं की हे सगळं संस्कृतात असावं. तेव्हा पंथाचे आचार्य नागदेव यांनी त्याला अडवलं. कारण काय, तर आपल्या म्हाताऱ्या बायका याला मुकतील. मला हे कारण विलक्षण वाटतं. धर्मग्रंथाची भाषा ठरवताना पंडितांचा नव्हे, म्हाताऱ्यांचा विचार!

पण याच पंथाने पुढे आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी वगैरे. पंथाबाहेरच्यांना काही शतकं त्या वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांना ती कुलपं उघडता आली. म्हणजे म्हाताऱ्यांसाठी मराठीत ठेवलेला ग्रंथ नंतर कुलपात गेला. ग्रंथ उघडणं आणि ग्रंथ मिटणं, दोन्ही आपल्याकडे झालेलं आहे. आणि एकाच ग्रंथाच्या बाबतीत झालेलं आहे.

बायबलची गोष्टही याहून फार वेगळी नाही. युरोपात कित्येक शतकं ते लॅटिनमध्ये होतं. देवळात लोक ऐकायचे, पण कळायचं ते पुरोहित सांगेल तेवढंच. १५२१ साली वर्म्स या गावी सम्राटापुढे मार्टिन ल्यूथरला उभं केलं आणि तुझी पुस्तकं मागे घे म्हणून सांगितलं, तेव्हा त्याची भूमिका अशी होती की शास्त्राने किंवा स्पष्ट तर्काने माझी चूक दाखवा, नाहीतर मी मागे हटणार नाही. लोकांना सहसा त्याचं धाडस आठवतं. मला त्याची पुढची कृती जास्त महत्त्वाची वाटते. तो लपून राहिला आणि त्याने नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं. ते १५२२ मध्ये छापून आलं. शास्त्राचा अधिकार पोपच्या वर आहे असं नुसतं म्हणून भागत नाही. ते शास्त्र चांभाराच्या आणि मोलकरणीच्या हातात गेलं तरच त्या म्हणण्याला काही अर्थ.

(कॅथलिक मंडळींचं म्हणणं थोडं वेगळं आहे. ते शास्त्राबरोबर परंपरेलाही मान देतात. त्यांच्या बायबलात पुस्तकंही ७३, आमच्यात ६६. पण १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्यांच्याकडेही सगळ्या श्रद्धावंतांसाठी शास्त्र सहज उपलब्ध असावं असं ठामपणे सांगितलं. आणि आपल्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' मराठीत किती वाचलं गेलं ते तुम्हाला माहीत आहेच.)

मराठीत ख्रिस्ती शास्त्र आलं ते आधी पुराणाच्या रूपात. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' गोव्यात रायतूरला १६१६ साली छापलं गेलं. दहा हजार नऊशे बासष्ट ओव्या! बायबलचं भाषांतर नव्हतं ते, बायबलची कथा होती, आपल्या लोकांना ऐकायला सवयीची असलेल्या ओवीत. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठीचं काम हाती घेतलं. १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान, १८११ मध्ये सगळा नवा करार. मराठी शिकायची बंगालात आणि छापायचीही तिकडेच. मुंबईकडच्या लोकांना ती भाषा पटली नाही यात नवल नाही. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनच्या लोकांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि १८२६ मध्ये आपला नवा करार छापला. त्यातला एक मुख्य माणूस, गॉर्डन हॉल, त्याच वर्षी फिरतीवर असताना कॉलऱ्याने वाटेत गेला. पुढे जुना करार झाला. मग उजळणी, मग पुन्हा उजळणी. बाबा पदमनजींसारखे मराठीवर हुकमत असलेले लोक या कामाला जोडले गेले.

तर मोठे काका, भावाचं म्हणणं उद्धट होतं पण खोटं नव्हतं. तुमचं 'जुनं' शास्त्र हे असं चार-पाचदा मोडून पुन्हा बांधलेलं आहे. प्रत्येक वेळी आधीच्या मराठीला सरावलेले कुणीतरी काका रागावलेच असतील!

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळते. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६७ पर्यंत मलकापूर, शेगाववरून रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा गेला, तो कापसासाठी. त्याच रस्त्याने मिशनरीही आले. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनचं वऱ्हाडातलं काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालं. अकोला हे मोठं ठिकाण. घाटाखाली खामगाव, घाटावर बुलढाणा. आणि मग १८९६-९७ चा आणि त्याहून भयंकर असा १८९९-१९०० चा दुष्काळ.

दुष्काळात लोक ख्रिस्ती झाले ते भाकरीसाठी, असं म्हणतात. आमच्या घरातही हे कुणी नाकारत नाही. भुकेलेल्या माणसाने भाकरी देणाऱ्याचं ऐकलं तर त्यात लाजण्यासारखं काय? पण भाकरी खाऊन झाल्यावर, पाऊस पडल्यावर, शेतावर काम परत मिळाल्यावरही जे राहिले ते का राहिले, हा प्रश्न उरतोच. आमच्या घरापुरतं उत्तर मला माहीत आहे. माझ्या पणजीला वाचता यायला लागलं म्हणून.

मिशनकडून बायका घरोघर जायच्या. त्यांना बायबल वुमन म्हणत. त्याही इथल्याच बायका, लुगडं नेसणाऱ्या, बऱ्याचशा विधवा. ओसरीवर बसून वाचून दाखवायच्या आणि कुणी तयार असेल तर अक्षरं शिकवायच्या. पणजी खामगावला अशाच एका बाईंकडे शिकली. घरात सांगतात की ती चुलीसमोर राखेत अक्षरं काढायची. तिच्या सासूला वाटायचं सुनेला काहीतरी झालंय. ही गोष्ट आजीने मला निदान पन्नासदा सांगितली असेल.

त्याच काळात अकोल्याला राहणाऱ्या जेनी फुलर या मिशनरी बाईने हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या दुःखांवर एक इंग्रजी पुस्तक लिहिलं. ते १९०० मध्ये निघालं. त्याला प्रस्तावना होती पंडिता रमाबाईंची. वऱ्हाड आणि केडगाव यांना जोडणारा हा धागा सापडला तेव्हा मला फार आनंद झाला. कारण मित्राच्या प्रश्नाचं उत्तर, मला वाटतं, रमाबाईंच्या आयुष्यात आहे.

रमाबाईंची हकीकत आपण शाळेत वाचतो ती समाजसुधारक म्हणून. त्यांचं शास्त्राशी जे नातं होतं ते तिथे येत नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. आई-वडील दोघंही १८७४ च्या सुमारास दुष्काळातल्या उपासमारीत गेले. मुलगी भावाबरोबर पायी फिरत पुराणं सांगत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पण इतकं संस्कृत येत असूनही वेद तिने वाचले नव्हते. बाईने वाचायचे नाहीत, म्हणून. केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हातात ठेवली आणि वाच म्हणाले, तेव्हा कुठे तो विचार सुरू झाला. आणि शास्त्रं वाचता वाचता तिला दिसलं की इतर बाबतींत एकमेकांशी न जुळणारी ही पुस्तकं एका बाबतीत मात्र एकमताने बोलतात. बाई आणि शूद्र यांच्याविषयी.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी वाँटेजच्या मठात त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथेच गोष्ट संपली असती तर मित्राचं म्हणणं खरं ठरलं असतं. एक शास्त्र सोडलं, दुसरं घेतलं. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत सिस्टर जेरल्डीन आणि इतरांशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचला की वेगळंच चित्र दिसतं. रमाबाई प्रश्न विचारतात. हे तुम्ही सांगता ते ख्रिस्ताने कुठे सांगितलंय? चर्च म्हणतं म्हणून मी का मानू? बिशप लोकांनी त्यांना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला हरकत घेतली, तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं साधारण असं, की आमच्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून मी आत्ताच कशीबशी मान सोडवून घेतली आहे, ती लगेच तुमच्या पुरोहितांच्या जोखडात देणार नाही. समोरून उत्तर यायचं, नम्र व्हा, आज्ञा पाळा. रमाबाईंच्या हातात मात्र पुस्तक होतं आणि त्या बोट ठेवून विचारत होत्या.

मला वाटतं, 'शास्त्राचा अधिकार' या शब्दांचे दोन अर्थ इथे वेगळे होतात. एक अर्थ असा की शास्त्रात लिहिलंय म्हणून तू गप्प बस. दुसरा अर्थ असा की शास्त्रात लिहिलंय म्हणून तुम्हीसुद्धा मला गप्प बसवू शकत नाही. शब्द तेच. पण पहिल्यात पुस्तक वर बसलेल्याच्या हातात असतं आणि दुसऱ्यात खाली बसलेलीच्या.

आयुष्याच्या शेवटच्या सतरा-अठरा वर्षांत रमाबाईंनी जे केलं ते मला त्यांच्या शाळा-आश्रमांइतकंच मोठं वाटतं. त्यांना वाटत होतं की प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या साध्या बाईला ते कळत नाही. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून सगळं बायबल मराठीत आणायला बसल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना होता. खिळे जुळवायला, छापायला, बांधणी करायला दुष्काळातून वाचलेल्या मुली आणि विधवा. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. भाषांतर पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर पडलं.

ते भाषांतर पुढे मंडळ्यांमधून रुळलं नाही. आमच्या देवळात ते कधी वाचल्याचं मला आठवत नाही, बायबल सोसायटीचंच चालत राहिलं. पण डोळ्यांपुढे चित्र आणा. ज्या बाईला वेद वाचायची मनाई होती ती एक अख्खा धर्मग्रंथ मूळ भाषेतून आणते आहे, आणि ज्या पोरींना गावाने मरायला सोडलं होतं त्या तो छापताहेत. शास्त्र डोक्यावर घेणं म्हणतात ते हे नव्हे. हे शास्त्र हातात घेणं.

आता मित्राच्या प्रश्नाकडे प्रामाणिकपणे यायला हवं. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी लाहोरसाठी लिहिलेल्या आणि तिथे होऊ न शकलेल्या भाषणात हेच सांगितलं होतं, की जातीचा आधार शास्त्रांच्या पावित्र्यात आहे, म्हणून त्या पावित्र्यावरच घाव घातला पाहिजे. त्याआधी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. नाताळचाच दिवस. आम्ही तेव्हा देवळात गाणी म्हणत असू. आणि बायबलचे हात काही स्वच्छ नाहीत. अमेरिकेत गुलामांचे मालक हेच पुस्तक उघडून नोकरांनी मालकांच्या आज्ञेत राहावं असं वाचून दाखवत होते. आणि मालक नेमकं काय करत? गुलामांना वाचायला शिकू देत नसत! फ्रेडरिक डग्लस चोरून वाचायला शिकला, पळून गेला, आणि १८४५ साली लिहिलेल्या आत्मकथेत त्याने स्पष्ट सांगितलं की मालकांचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा धर्म यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हे त्याला कळलं, कारण पुस्तक त्याला स्वतःला वाचता येत होतं. आमच्या मंडळ्यांमध्येही जात गेली असं मी म्हणणार नाही. लग्नं जमवताना काय काय विचारलं जातं ते घरच्यांना माहीत आहे. तेव्हा शास्त्र कपाटात असतं.

म्हणून मी मित्राला फोन करून म्हटलं, "तुझं अर्धं बरोबर आहे. मिटलेल्या शास्त्राचा अधिकार नाकारलाच पाहिजे. पण वर्षावासात तुमच्या विहारातही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' रोज वाचला जातो ना? शेगावला गजानन विजयची पारायणं चालतात ना? माणसाला वाचायला एक पुस्तक लागतंच. ते सगळ्यांना उघडं आहे की नाही, आणि ते वाचून आपल्याच लोकांना जाब विचारता येतो की नाही, एवढंच बघायचं." तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्या ग्रंथात बुद्धच सांगते, का मी सांगतो म्हनून मानू नका. तुमच्यात असं कुठी लिहेल आहे काय?" मी म्हटलं, शोधते. अजून शोधते आहे. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गावच्या लोकांची गोष्ट आहे. खुद्द पौल सांगतो ते खरं आहे की नाही हे ते रोज शास्त्र उघडून पडताळून पाहतात, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलंय. ते त्याला सांगितलं. "हं," एवढंच म्हणाला. म्हणजे समाधान झालेलं नाही.

राहता राहिलं काकांचं आणि भावाचं भांडण. ते कसं मिटलं ते सांगायचं राहिलंच.

उपासनेच्या दिवशी सकाळी काकांनी पेटीतून आजीचं शास्त्र काढलं. आधी ते पणजीचं होतं. पुठ्ठा गेलेला, पहिली काही पानं गेलेली. त्यामुळे कुणी छापलं, कधी छापलं, काही कळायला मार्ग नाही. काकांना चष्म्यानेही बारीक टाईप दिसेना, म्हणून माझ्याकडे दिलं. मत्तयाचा पाचवा अध्याय काढला तर समासात पेन्सिलीची अक्षरं. वाकडीतिकडी, मोठाली. 'नीतिमत्त्व'च्या बाजूला लिहिलं होतं 'खरेपना'. 'सांत्वन'च्या बाजूला 'समजूत'. पुढे पुढे पानं उलटली तर सगळीकडेच. 'जकातदार'च्या बाजूला 'नाकेदार'. खामगावच्या कापसाच्या गाड्या नाक्यावर अडवणारा नाकेदार तिने रोज पाहिलेला असणार!

मी काही न बोलता पुस्तक काकांपुढे धरलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, बराच वेळ पान बघत राहिले. म्हणाले, "हे आजीचं अक्षर नोहे. आजीचं बरं होतं. हे तिच्या मायचं."

म्हणजे पणजीचं. राखेत अक्षरं गिरवणारीचं.

त्या दिवशी पाचवा अध्याय जुन्या शास्त्रातूनच वाचला. काकांनी सांगितलं, तू वाच, आणि बाजूला जे लिहिलंय तेही वाच. तसं वाचलं. भाचीने वाचन झाल्यावर विचारलं, नाकेदार म्हणजे काय? मग तिला ते सांगण्यात काका रंगून गेले. मोबाईलवरचं सोपं भाषांतर मात्र काका अजून मानत नाहीत, हे आपलं सांगून ठेवते. भाऊ, उगाच हुरळून जाऊ नकोस.

जाता जाता एक विनंती. या पुस्तकाची पहिली पानं गेली आहेत. खामगाव, मलकापूर, अकोल्याकडच्या आपल्या नातेवाइकांपैकी कुणाकडे त्याच काळातलं, पुठ्ठा आणि सालासकट असलेलं मराठी पवित्र शास्त्र असेल तर कृपया कळवा. टाईप आणि पानं ताडून बघता येतील. आणि तुमच्या घरच्या प्रतीच्या समासात काही लिहिलेलं असेल तर तेही बघा. पुसू मात्र नका.